दोन उलटे मिळून एक सुलटा

राहुरी तालुक्यातील एका शाळेत मी विज्ञान शिकवीत होतो तेव्हाची गोष्ट. एके दिवशी सकाळी, प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वीच, नववीतला एक विद्यार्थी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला. हातात वर्तमानपत्राचे पुडके होते. ते त्याने टेबलावर सोडले, आणि जळका, उग्र वास खोलीभर पसरला. आत एक फुटलेला काळा डबा होता. त्याचे झाकण उडालेले होते आणि आतून भिजक्या कागदाची गुंडाळी बाहेर आली होती.

"सर, रात्री मोटारीचा कंडेन्सर फुटला. कांद्याचं रोप तीन दिवस कोरडं आहे. व्होल्टेज कमी होतं, मोटार नुसती घुंऽऽ करत होती. अण्णांनी हिरवं बटण दाबून धरलं, आणि फाडकन आवाज झाला."

कुणाला इजा झाली नव्हती, हे त्याने पुढच्याच वाक्यात सांगितले. मग खिशातून आणखी दोन कंडेन्सर काढले. हे चांगले, अंगठ्यापेक्षा थोडे जाड, जुन्या रंगीत टीव्हीतून काढलेले.

"रेडिओ दुरुस्तीवाले काका म्हणतात, असे दोन कंडेन्सर एकमेकांना उलटे जोडले की ते ए.सी.वर चालतात. मोटारीला हे लावू का? संध्याकाळी पुन्हा दारं धरायची आहेत."

मी ताबडतोब "नाही" म्हणालो. पण नुसते "नाही" म्हणून भागणार नव्हते, कारण रेडिओवाल्या काकांचे म्हणणे खोटे नव्हते. दोन उलटे कंडेन्सर मिळून एक चालणारा कंडेन्सर होतो, हे खरेच आहे. मग तो मोटारीला का लावायचा नाही? विद्यार्थिमित्रहो, त्या दिवशी मधल्या सुट्टीत सुरू झालेले हे बोलणे शाळा सुटल्यावरही संपले नाही. तेच येथे थोडे व्यवस्थित मांडतो.

मुळा आणि प्रवरा या नद्यांच्या भागातल्या मुलांना विजेची मोटार ही नवलाची वस्तू नाही. १९७० च्या सुमारास श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था उभी राहिली, आणि ग्राहकांच्याच सहकारी संस्थेने गावोगाव वीज वाटावी असा प्रयोग येथे सुमारे चाळीस वर्षे चालला. २०११ मध्ये ते काम महावितरणकडे गेले. दरम्यान विहिरीवरची डिझेल इंजिने मागे पडली, मोटारी आल्या, आणि पुढे बोअरमध्ये पाणबुडी मोटारी उतरल्या. त्यामुळे 'कंडेन्सर' हा शब्द अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या) मुलांच्या कानांवर भौतिकशास्त्राच्या पुस्तकाच्या आधीच पडलेला असतो. पुस्तकात त्यालाच धारित्र म्हणतात.

आता त्या मुलाने आणलेल्या दोन्ही वस्तू शेजारी ठेवून पाहू. फुटलेल्या डब्यावर १०० ते १२० मायक्रोफॅराड असे छापले होते आणि विद्युत् दाबाच्या आकड्यापुढे 'ए.सी.' अशी अक्षरे होती. त्याला दोन टोके होती, पण धन-ऋण अशी खूण कोठेही नव्हती. टीव्हीतल्या धारित्रावर २२० मायक्रोफॅराड, ४०० व्होल्ट असे होते, आणि एका बाजूने खालपर्यंत एक पट्टा व त्यात वजाबाकीची चिन्हे होती. ही खूण असलेले धारित्र ध्रुवीय. त्याचे धन टोक धनाला आणि ऋण टोक ऋणालाच जोडले पाहिजे. घरातल्या विजेत मात्र दर सेकंदाला पन्नास वेळा धन-ऋणाची अदलाबदल पूर्ण होते. तेथे ध्रुवीय धारित्र जोडले तर अर्धा वेळ ते उलटेच राहणार.

पण धारित्राला उलटे-सुलटे असावेच का? दोन धातूंचे पत्रे आणि मध्ये वीज न वाहू देणारा थर, एवढेच तर धारित्र! त्यात डावे-उजवे कोठून आले?

याचे उत्तर त्या मधल्या थरात आहे. धारित्रात जास्त विद्युत् भार साठवायचा तर पत्र्यांचे क्षेत्रफळ वाढवावे लागते किंवा मधला थर पातळ करावा लागतो. कागद किंवा प्लॅस्टिक वापरले तर थर काही मायक्रोमीटरपेक्षा फारसा पातळ करता येत नाही, म्हणून मोठ्या धारितेचे धारित्र डब्याएवढे होते. ॲल्युमिनियमने ही अडचण सोडवली. या धातूवर ऑक्साइडचा चिवट पापुद्रा धरतो. ॲल्युमिनियमचा वर्ख एका विशिष्ट द्रावात बुडवून त्याला धन दाब दिला की हा पापुद्रा हवा तेवढा वाढवता येतो. दाबाच्या दर व्होल्टमागे त्याची जाडी सुमारे १.४ नॅनोमीटरने वाढते. म्हणजे चारशे व्होल्टच्या धारित्रातला पापुद्रासुद्धा एका मायक्रोमीटरपेक्षा पातळ असतो. आपला केस सुमारे सत्तर मायक्रोमीटर जाड असतो, तेव्हा कल्पना करा! शिवाय पापुद्रा धरण्यापूर्वी वर्खाचा पृष्ठभाग रासायनिक क्रियेने कोरून खडबडीत करतात, म्हणजे तेवढ्याच वर्खाचे क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढते. अशा विद्युत् विच्छेद्य धारित्राचे एकस्व पोलंडचे संशोधक कारोल पोलाक यांनी १८९६ मध्ये घेतले. रेडिओपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे ती लहानशी नळकांडी दिसतात, ती याच वंशातली.

या धारित्रात एक पत्रा म्हणजे पापुद्रा धरलेला वर्ख. दुसरा पत्रा मात्र, खरे म्हटले तर, द्रव आहे. तो द्राव कागदात जिरवलेला असतो, आणि दुसरा साधा वर्ख त्या द्रावापर्यंत वीज पोहोचवण्यापुरता असतो. त्या फुटक्या डब्यातून जो भिजका कागद बाहेर आला, तो हाच. (असा कागद हाताने चिवडू नये. आम्ही चिमट्याने उलगडला आणि नंतर साबणाने हात धुतले.)

आता गंमत अशी, की हा पापुद्रा एकाच बाजूने वीज अडवतो. विहिरीवरच्या सक्शन पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व असतो, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पाणी वर जाताना तो उघडतो, खाली येऊ लागले की मिटतो. ऑक्साइडचा पापुद्रा असाच आहे. वर्ख धन असला की पापुद्रा मिटलेला, वीज अडलेली. हेच धारित्राचे काम. वर्ख ऋण झाला की व्हॉल्व उघडला, आणि वीज आरपार वाहू लागली. एके काळी या गुणाचा उपयोग करून ॲल्युमिनियमचे एकदिशकारकही बनवीत असत, म्हणजे आज आपण डायोडकडून जे काम करून घेतो ते.

उलटे जोडलेले धारित्र एक-दीड व्होल्टपर्यंत सहन करते. कारण साध्या वर्खावरही हवेमुळे आपोआप धरलेला अगदी पातळ पापुद्रा असतो. त्यापुढे मात्र आत वीज वाहते, द्राव तापतो, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि बंद नळकांड्यात दाब वाढत जातो. या नळकांड्याच्या डोक्यावर अधिकच्या किंवा तशाच आकाराची खाच का असते, ते आता लक्षात आले ना? फुटायचेच असेल तर तेथून फुटावे, डब्याचे तुकडे उडू नयेत, म्हणून.

इतके समजल्यावर त्या मुलाने जी शंका काढली, ती मला फार आवडली. तो म्हणाला, "सर, दोन कंडेन्सर ऋणाला ऋण जोडले, तरी त्यातला एक कोणत्याही क्षणी उलटाच असणार. दोघांतला एक उलटा, म्हणजे एक फुटणारच. मग काका म्हणतात ते चालतं कसं?"

शंका बरोबर आहे. सगळी युक्ती तिच्याच उत्तरात आहे.

दोन सारखी धारित्रे घ्या. त्यांना 'क' आणि 'ख' म्हणू. दोघांची ऋण टोके एकमेकांना जोडा. तो झाला मधला सांधा. दोन धन टोके बाहेर मोकळी राहिली. तेथे नऊ व्होल्टची बॅटरी लावा, धन 'क'कडे आणि ऋण 'ख'कडे. 'क' सुलटे आहे, ते भारित होऊ लागते. 'ख' उलटे आहे, पण उलटे म्हणजे व्हॉल्व उघडा! 'ख'मधून वीज नुसती वाहून जाते आणि 'क' जवळजवळ नऊ व्होल्टपर्यंत भरते. 'ख'वर काहीच राहत नाही.

आता बॅटरी उलटी करा. वीज उलट दिशेने वाहू लागते. 'क' रिकामे होऊ लागते, आणि तोच प्रवाह 'ख'ला सुलट्या दिशेने भरतो. 'क' पूर्ण रिकामे होते तेव्हा 'ख' नऊ व्होल्टवर आलेले असते. आता दोन्ही बाहेरच्या टोकांमध्ये बरोबर उणे नऊ व्होल्ट आहेत, जेवढा बॅटरीचा दाब आहे तेवढेच. वीज थांबते. 'क' शून्यावर आले, पण शून्याच्या खाली गेले नाही. म्हणजे ते उलटे झालेच नाही! बॅटरी पुन्हा फिरवा. 'ख' रिकामे होईल, 'क' भरेल. असे कितीही वेळा करा. पहिल्या वेळी मधल्या सांध्यावर जो भार अडकला तो बाहेर पडू शकत नाही, आणि तोच दोघांना सुलट ठेवतो.

आमच्याकडे जुन्या विहिरीवर रहाटाचे चाक असे, आणि काही ठिकाणी एकाच दोराच्या दोन टोकांना दोन बादल्या बांधलेल्या असत. एक वर आली की दुसरी खाली गेलेली. दोराची लांबी ठरलेली, म्हणून दोघींच्या खोलीची बेरीज नेहमी तीच. येथे दोराच्या जागी मधल्या सांध्यावर अडकलेला भार आहे. 'क'वरचे व्होल्ट अधिक 'ख'वरचे व्होल्ट, ही बेरीज नेहमी नऊच राहते. आपल्याला बाहेरून दिसते ती मात्र त्यांची वजाबाकी. ती अधिक नऊपासून उणे नऊपर्यंत कुठेही जाऊ शकते. प्रत्यावर्ती दाबाला याहून जास्त काय हवे?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. धारित्रातला व्हॉल्व हा फूटव्हॉल्वइतका चपळ नसतो. दोन्ही धारित्रे रिकामी असताना बॅटरी लावली, तर पहिल्या क्षणी दाब दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो. एकावर सुलटे साडेचार, दुसऱ्यावर उलटे साडेचार व्होल्ट. मग उलट्यातून वीज झिरपते आणि थोड्या वेळाने वर सांगितलेली स्थिती येते. ही सुरुवातीची ओढाताण टाळायची तर प्रत्येक धारित्राला एक डायोड समांतर जोडतात. डायोडचे पट्टा असलेले टोक धारित्राच्या धन टोकाला, दुसरे ऋण टोकाला. धारित्र उलटे होऊ लागले की डायोड वाट मोकळी करून देतो आणि पापुद्र्याला त्रास होत नाही.

आता जोडीची धारिता किती? पुष्कळ विद्यार्थी म्हणतात, "एक नेहमी वाट मोकळी करून देतो, म्हणजे काम एकच करतो. तेव्हा धारिता एकाचीच पूर्ण धरावी." हे फक्त पहिल्या भरण्यापुरते खरे आहे. त्यानंतर पाहा. 'क' नऊवरून शून्यावर आले, म्हणजे त्याने नऊ व्होल्टचा भार दिला. पण तेवढ्या भाराने बाहेरचा दाब अधिक नऊवरून उणे नऊवर गेला, म्हणजे अठरा व्होल्टांनी बदलला. तोच भार, दाबातला बदल दुप्पट. म्हणून धारिता निम्मी. एकसरीत जोडलेल्या दोन सारख्या धारित्रांचे पुस्तकातले सूत्रही हेच सांगते. २२० मायक्रोफॅराडची दोन मिळून ११० होतात.

आणि दाब सोसण्याची ताकद? एकसरीत जोडले की ती दुप्पट होते, असे बरेच जण धरून चालतात. येथे ती मुळीच दुप्पट होत नाही. पाहिलेत ना, प्रत्येक धारित्र आपल्या पाळीला संपूर्ण नऊ व्होल्ट सोसते. म्हणून दोघांपैकी प्रत्येक धारित्र एकट्याने पूर्ण शिखरदाब सोसणारे असावे लागते. बारा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा शिखरदाब सतरा व्होल्ट असतो, म्हणून तेथे पंचवीस व्होल्टची दोन धारित्रे ठीक, पण सोळाची दोन ठीक नाहीत.

हे सगळे त्या मुलाने मान डोलावून ऐकले, पण त्याचा विश्वास बसला नव्हता हे मला दिसत होते. मग आम्ही प्रयोगच मांडला. तुम्हीही करा, यात घाबरण्यासारखे काही नाही. ४७० मायक्रोफॅराड, २५ व्होल्टची दोन धारित्रे, दोन साधे डायोड, शंभर ओहमचा एक रोधक, नऊ व्होल्टची बॅटरी आणि अंकी मल्टिमीटर एवढे पुरे. वर सांगितल्याप्रमाणे ऋणाला ऋण जोडा, डायोड लावा, बॅटरी रोधकातून जोडा. काही सेकंद थांबा. मग बॅटरी उलटी जोडा. पुन्हा थांबा. आता बॅटरी काढून टाका आणि बाहेरची दोन टोके एका तारेने एकमेकांना जोडून द्या. बाहेरचा दाब शून्य झाला. धारित्रे रिकामी झाली, असे कुणीही म्हणेल.

आता तार काढा आणि मल्टिमीटरने एकट्या 'क'वरचा दाब मोजा. चार व्होल्टच्या आसपास! 'ख'वर मोजा. तेवढाच! दोघेही भरलेले आहेत, पण एकमेकांविरुद्ध, म्हणून बाहेर वजाबाकी शून्य दिसते. (नेमके साडेचार का नाहीत? डायोड उघडण्यासाठी थोडा दाब स्वतःकडे ठेवून घेतो.) मधल्या सांध्यावर अडकलेला भार आपण डोळ्यांनी पाहिला, असे म्हणायला हरकत नाही. तो घालवायचा तर प्रत्येक धारित्राची दोन्ही टोके वेगवेगळी जोडावी लागतात.

हा चार व्होल्टचा आकडा पाहून मुलगा खूश झाला. मी मात्र मोटारीचा विचार करीत होतो. तेथे नऊ व्होल्ट नाहीत. २३० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबाचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते. म्हणजे अशी जोडी मोटारीला लावून वीज बंद केली आणि बाहेरची टोके जोडून "रिकामी केली", तरी मधल्या सांध्यावर हात लागला तर एकशे साठ व्होल्टचा झटका बसू शकतो. सगळे सुरक्षित आहे असे मीटर सांगत असताना!

आता त्याच्या मूळ प्रश्नाकडे वळू. कागदावर सगळे जमत होते, हीच तर पंचाईत होती. दोनशे वीसची दोन मिळून ११० मायक्रोफॅराड. फुटलेला १०० ते १२० चा. शिखरदाब ३२५, धारित्र ४०० व्होल्टचे. मग अडले कोठे?

आधी मोटारीला हे धारित्र लागते कशाला, ते पाहू. एका फेजच्या विजेने मोटारीत जे चुंबकीय क्षेत्र तयार होते ते एकाच रेषेत कमी-जास्त होते, फिरत नाही. सायकलचे पायडल बरोबर वर असताना त्यावर कितीही जोराने सरळ खाली दाबा, चाक हलत नाही. बाजूने थोडा रेटा मिळाला तर मात्र लगेच फिरते. मोटारीत हा बाजूचा रेटा देण्यासाठी दुसरे, सुरुवातीचे वेटोळे असते. त्यातला प्रवाह पहिल्या वेटोळ्यातल्या प्रवाहाच्या पुढे असावा म्हणून त्याच्या वाटेवर धारित्र बसवतात. दोन प्रवाह मागे-पुढे झाले की क्षेत्र फिरू लागते आणि मोटार उचल घेते. एकदा वेग आला की या मोठ्या धारित्राची गरज संपते. विहिरीच्या काठावरील मोनोब्लॉक मोटारीत वेगाबरोबर आपोआप सुटणारा स्विच ते तोडतो. पाणबुडी मोटारीच्या बऱ्याच पेट्यांमध्ये हिरवे बटण दाबून धरले असेल तोवरच ते जोडलेले असते. पेटीत दुसरे एक लहान धारितेचे, प्लॅस्टिकच्या थराचे धारित्र असते, तेवढे कायम चालू राहते.

आता हिशेब करा. ११० मायक्रोफॅराड, २३० व्होल्ट, सेकंदाला ५० आवर्तने. प्रवाह बरोबर ३१४ गुणिले धारिता गुणिले दाब, म्हणजे जवळजवळ आठ अँपिअर! टीव्हीतल्या या नळकांड्याला साधारण एक-दीड अँपिअरच्या आसपास प्रवाह सोसेल असे धरून बनवलेले असते. विद्युत् विच्छेद्य धारित्रातला द्राव काही तांब्याची तार नव्हे. त्यातून वीज ये-जा करताना शेकडा दहा भाग तरी उष्णतेत जातो. २३० गुणिले आठ, त्याचा दहावा भाग, म्हणजे सुमारे १८० वॅट. दोन नळकांड्यांत वाटले तर प्रत्येकी नव्वद वॅट. अंगठ्याएवढ्या बंद डब्यात जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा जास्त उष्णता! शिवाय मोटारीचे वेटोळे आणि धारित्र एकसरीत असल्यामुळे, मोटार वेग घेऊ लागली की धारित्रावरचा दाब २३० च्याही वर चढतो. मग शिखर चारशेच्या पलीकडे जायला वेळ लागत नाही. आणि सुरुवातीच्या आवर्तनांतली ती उलट दाबाची ओढाताण आहेच; येथे ती साडेचार व्होल्टची नाही, दीडशेच्या वरची आहे.

तरी कदाचित ही जोडी दोन-तीन सेकंद तग धरील. कदाचित पहिल्या दिवशी मोटार सुरूही होईल. मला त्याचीच भीती वाटली. जी गोष्ट लावताक्षणी फुटते तिच्यापासून माणूस शहाणा होतो. जी दोनदा चालते आणि तिसऱ्यांदा, आपण वाकून पेटीत पाहत असताना फुटते, ती घातक.

मग कारखान्यातून येणारे, मोटार सुरू करण्याचे धारित्र वेगळे काय करते? आम्ही फुटक्या डब्यातली गुंडाळी उलगडली तेव्हा ते कळले. तिच्यातले दोन्ही वर्ख सारखेच निघाले, सारखेच राखाडी आणि खडबडीत. दोघांवरही पापुद्रा धरलेला आणि मध्ये तोच भिजका कागद. म्हणजे रेडिओवाल्या काकांची युक्तीच कारखान्याने एका डब्यात बसवली आहे! दोन धारित्रे, ऋणाला ऋण, आणि मधला सांधा म्हणजे तो द्राव. फरक इतकाच, की वर्ख, द्राव आणि डबा मोटारीच्या प्रवाहाला पुरतील असे निवडलेले असतात. तरीही ते काही सेकंदांपुरतेच बनवलेले असते. उष्णता त्यातही होते.

आणि येथेच आदल्या रात्रीच्या स्फोटाचे कारण सापडते. संध्याकाळी सगळीकडे मोटारी एकदम चालू होतात, लांबच्या तारांमध्ये दाब खर्च होतो आणि शेवटच्या वस्तीवर १८० व्होल्टही धड पोहोचत नाहीत. मोटारीचा रेटा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. १८० व्होल्टला तो ६० टक्क्यांच्या आसपासच उरतो. मोटार नुसती घुमते, वेग घेत नाही. आपण बटण दाबून धरतो, अजून थोडे, अजून थोडे. तीन सेकंदांसाठी केलेले धारित्र अर्धा मिनिट तापते, आणि मग जे व्हायचे ते होते. दोष कंडेन्सरचा नव्हता, बटणावरच्या अंगठ्याचा होता, असे मी त्या मुलाला म्हणालो. पण अण्णांना असे तोंडावर सांगू नकोस, हेही सांगितले. तीन सेकंदांत मोटारीने उचल घेतली नाही तर बटण सोडावे, पाच-दहा मिनिटे धारित्र थंड होऊ द्यावे आणि दाब किती आहे ते आधी पाहावे. पेटीवरचा व्होल्टमीटर त्याकरताच बसवलेला असतो.

मग काकांच्या युक्तीचा उपयोग कोठे करावा? जेथे प्रवाह थोडा आणि दाब कमी असेल तेथे. ध्वनिक्षेपकाच्या खोक्यात बारीक आवाजाच्या लहान कर्ण्याकडे जाड आवाज जाऊ नये म्हणून अध्रुवीय धारित्र लागते. तेथे ही जोडी वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते, आणि दुरुस्तीवाल्यांनी ती पुष्कळ वापरली आहे. बाजारात 'बायपोलर' किंवा 'एन.पी.' असे छापलेली तयार धारित्रेही मिळतात. आत तीच रचना.

त्या संध्याकाळी मुलाने राहुरीतून नवा कंडेन्सर आणला आणि रोपाला पाणी मिळाले. टीव्हीतली ती दोन नळकांडी त्याने शाळेला देऊन टाकली. पण प्रयोग त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. दोन दिवसांनी तो पुन्हा आला, जरा घाबरलेलाच. घरी ४७० चे एकच धारित्र होते म्हणून त्याने दुसरे २२० मायक्रोफॅराडचे घेतले होते. डायोड तेच, बॅटरी तीच, नऊ व्होल्टची. बॅटरी दोन-तीनदा उलटसुलट करून, ती ४७० च्या सुलट्या बाजूने लावल्यावर थांबून, मग फिरवून त्याने २२० च्या धारित्रावरचा दाब मोजला. मीटरने जवळजवळ बारा व्होल्ट दाखवले.

नऊच्या बॅटरीतून बारा कोठून आले? मी त्याला उत्तर सांगितले नाही, कागद-पेन्सिल दिली. रहाटाच्या दोन बादल्या सारख्या नसतील तर काय होईल, एवढेच विचारले. सांगण्यासारखे आणखी एक: बाजारातल्या विद्युत् विच्छेद्य धारित्रांवर जी धारिता छापलेली असते, तिच्यात सहसा वीस टक्के कमी-जास्त चालते असे मानतात. दोन्हींवर २२० छापलेले असले, तरी त्यातले एक १८० चे आणि दुसरे २६० चे असू शकते. अशा जोडीतल्या लहान धारित्रावर बॅटरीच्या किती पट दाब येईल, तेही काढून पाहा.